शोकेसमधलं पाणी

एप्रिलचा दुसरा आठवडा उलटला की मी संध्याकाळी खिडक्या लवकर लावून घेते. समोरच्या वहिनींना वाटतं, डासांसाठी. मीही तसंच सांगते. खरं कारण वासाचं आहे. उन्हं कलली, वारा पडला की कारखान्यांच्या बाजूनं तो हळूहळू पसरत येतो. आधी गोडसर, जास्त पिकलेल्या केळ्यांसारखा, आणि मग घशाच्या मागे कुणी नख लावल्यासारखा. नवीन राहायला आलेली माणसं जिन्यात विचारतात, "गॅस लीक झालाय का हो?" जुनी विचारत नाहीत. डोंबिवलीत एवढी वर्षं काढल्यावर नाकाला सवय होते म्हणतात. माझ्या नाकाला झाली नाही. दरवर्षी हा उकाडा, हा पडलेला वारा आला की मला एकच उन्हाळा आठवतो. त्याच्या आधीचे आणि नंतरचे सगळे उन्हाळे त्या एका उन्हाळ्याच्या पोटात गेले आहेत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी बावीस वर्षांची. कल्याणला विहारामागच्या आमच्या चाळीत राहायचे आणि डोंबिवली पश्चिमेला सामंतकाकांच्या फोटो स्टुडिओत रीटचिंग करायचे. आता हे काम कुणाला सांगून कळत नाही. तिरक्या डेस्कवर दुधी काच, काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पांढरा, पारदर्शक दिसतो. त्यावर पेन्सिलीनं बारीक बारीक ठिपके भरत गेलं की फोटोत तो डाग उरत नाही. देवीचे व्रण, मुरमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं. दाखवायला निघालेल्या कितीतरी मुलींचे चेहरे मी असे साफ केले. चाळीतल्या बायका म्हणायच्या, सुनंदाच्या हातात जादू आहे. मलाही तसंच वाटायचं.

स्टुडिओच्या दाराशी काचेचं शोकेस होतं. त्यात मुंडावळ्या बांधलेली नवरी, पालथं पडलेलं टकलू बाळ, भरतनाट्यमच्या वेषातली मुलगी, साठी झालेलं जोडपं, असे नऊ-दहा फोटो. सामंतकाका कपबशी हातात घेऊन आत बसायचे आणि शोकेससमोरून जाणाऱ्या माणसांकडे बघत राहायचे. तो त्यांचा छंदच होता.

"बघ सुनंदा, हा पिशवीवाला आता थांबणार. थांबला! कशापुढे?"

"बाळापुढे."

"अगदी बरोबर. आणि माझ्या म्हातारीकडे बघितलं का कोणी? कधीच नाही."

ती म्हातारी म्हणजे त्यांनी बाजारात मडकी विकणाऱ्या एका बाईचा काढलेला फोटो. सुरकुत्या अशा उतरलेल्या की हात लावला तर बोटाला लागतील. काका म्हणायचे, आयुष्यात एवढा चांगला फोटो पुन्हा जमला नाही. आणि लोक त्याच्यापुढून सरळ निघून जायचे. नवरीपुढे थांबायचे, बाळापुढे हसायचे. मी एकदा काकांना म्हटलं होतं, म्हातारीपुढे थांबलं तर तिच्याकडून एखादं मडकं घ्यावं लागेल असं वाटत असेल लोकांना. काका हसले. मी गंमत म्हणून बोलले होते. पुढे त्या गमतीची मला भीती वाटायला लागली.

त्याच एप्रिलमध्ये एका सकाळी यमुनामावशी आली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. पश्चिमेच्या बाजारात मासे विकायला बसायची, म्हणून तोंडओळख होती. तिनं पाटी दाराबाहेर ठेवली. पाटी कोरडी होती.

"सामंतदादा, फोटू काढायचाय."

"या, बसा. कुणाचा?"

"खाडीचा."

काकांना वाटलं, ती चेष्टा करतेय. पण तिचा चेहरा तसा नव्हता. ती बाकड्यावर बसली, पदरानं मान पुसली आणि सांगायला लागली. होळीच्या आधीपासून पानी येतंय. पहाटे येतं. कधी लाल, कधी गुलाबी. आमची मासली उलटी होऊन वर येते. नाल्यातनं येतं, वरच्या रंगाच्या कारखान्याचं हाय. ठाण्याला सरकारी हापिसात गेलेलो आम्ही चारजणी. तो सायेब बोलला, पुरावा आना, नुसतं तोंडानं सांगू नका.

"फोटू म्हंजे पुरावा ना दादा?"

"फोटो म्हणजे पुरावाच," काका म्हणाले. असं कुणी विचारलं की ते ताठ व्हायचे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही दोघं खाडीवर पोचलो. ओहोटी होती. एरवी ओहोटीला तो चिखल जिवंत असतो. निवट्या टणाटण उड्या मारतात, खेकड्यांच्या भोकांतून बुडबुडे येतात, बगळ्यांची भांडणं चालू असतात. त्या दिवशी चिखल गप्प होता. बगळा एकही नाही. पाणी लग्नातल्या सरबतासारखं गुलाबी. तो रंग इतका गोड होता की पहिल्या क्षणी मला तो आवडला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग काठाशी नजर गेली. बोईट माशांची पोटं चिखलात रांगेनं चमकत होती. एक कुत्रं त्यांच्याजवळ आलं, हुंगलं आणि मागे सरलं.

काकांनी फोटो काढायला सुरुवात केली. मेलेली मासळी. नाल्याचं तोंड. भोकं पडलेलं जाळं. यमुनामावशीनं दोन्ही तळवे कॅमेऱ्यापुढे धरले. त्यांची साल निघत होती. "जवळून काढ दादा," ती म्हणाली. काकांनी जवळून काढला. बारा फोटोंचा रोल, अकरा झाले. आणि तेवढ्यात मावशीची नात धावत आली.

सहा वर्षांची असेल. सगळे तिला चिंगी म्हणायचे. गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक, तेल लावून चपचपीत बसवलेले केस. कुणी अडवायच्या आत ती घोट्याएवढ्या पाण्यात गेली आणि खाली वाकली.

"आजी, ह्यो हलतोय! ह्यो जित्ता हाय!"

तिनं एक मासा शेपटीला धरून वर उचलला आणि हसली. सूर्य नुकताच वर आला होता, तो तिच्या मागे. मासा तडफडला, त्याचे थेंब उडाले.

"अगं ए, भायेर ये! भायेर ये आधी!" मावशी ओरडली.

काकांनी आधी बटण दाबलं. मग म्हणाले, "ये बाळ, बाहेर ये."

हा क्रम माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. त्या जागी मी असते तर मीही आधी बटणच दाबलं असतं.

त्याच दुपारी डार्करूमच्या लाल दिव्यात तो बारावा फोटो ट्रेमध्ये हळूहळू उमटला. आधी केस, मग फ्रॉक, मग हसू. काका श्वास रोखून बघत होते. फिल्म ब्लॅक अँड व्हाइट. रंगीत रोल धुवायला तेव्हा मुंबईला पाठवावा लागायचा, म्हणून काका सहसा वापरायचे नाहीत. त्या कागदावर गुलाबी रंगाचा मागमूस नव्हता. पाणी चांदीसारखं होतं. थेंब म्हणजे मोती. मेलेले मासे चौकटीच्या बाहेर राहिले होते.

"सुनंदा," काका कुजबुजले, "हा फोटो आहे. बाकीचे नुसते कागद."

आणि मग ती निगेटिव्ह माझ्या डेस्कवर आली.

पुढे मी हे अनेकांना वेगळं सांगितलं. म्हणाले, निगेटिव्हवरचे ओरखडे वाटले, सवयीनं बुजवले. खोटं आहे ते. भिंगाखाली चिंगीचे पाय मी अगदी जवळून पाहिले होते. नडगीवर गोल गोल ठिपके, घोट्याकडे दाट होत गेलेले. ते फोड आहेत हे मला कळलं होतं. पण फोटो इतका सुंदर होता, आणि ते ठिपके त्यात इतके नकोसे होते! पेन्सिलीला टोक काढलं आणि एकेक बुजवायला बसले. दीड तास लागला. शेवटी पाय असे झाले, जसे देवीच्या मूर्तीचे असतात. काकांनी पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी मी खुशीत घरी गेले. आईनं विचारलंसुद्धा, "आज काय विशेष गं?"

अकरा फोटोंच्या छोट्या प्रती यमुनामावशीला दिल्या, त्या तिनं ठाण्याच्या ऑफिसात नेऊन दिल्या. तिनं सांगितलं म्हणून मेलेल्या मासळीचा आणि तिच्या तळव्यांचा असे दोन मोठे करून शोकेसमध्येही लावले. "लोकांना कलू दे," ती म्हणाली. त्यांच्यामध्ये काकांनी चिंगीचा फोटो लावला, चांगला हातभर मोठा, आणि खाली सुरेख अक्षरात चिठ्ठी चिकटवली: जलपरी.

पुढचे आठ-दहा दिवस शोकेससमोर गर्दी हटत नव्हती. भाजी घेऊन निघालेल्या बायका, बँकेतून सुटलेली माणसं, कॉलेजच्या मुली. सगळे त्या एकाच फोटोपुढे. काका तर गल्ल्यावरून उठून दारातच उभे राहायला लागले.

"कुठला हो हा? गोव्याचा का?"

"अहो गोवा कसला! आपली खाडी."

"काय सांगता! इतकी छान आहे?"

डावीकडे मेलेले मासे होते, उजवीकडे सोललेले हात. मी आतून बघत राहायचे. माणसाची नजर डावीकडून यायची, माशांवर अडखळायची आणि घाईघाईनं मध्ये येऊन चिंगीवर टेकायची. टेकली की चेहरा सैल व्हायचा. उजवीकडे तर कुणी पोचायचंच नाही. मला वाटतं, त्या दोन फोटोंमुळे तो मधला जास्तच सुंदर दिसत होता. एक गृहस्थ आत येऊन म्हणाले, "सामंत, जेवायच्या वेळेला हे मेलेले मासे कशाला दाखवता?" काकांनी ते दोन्ही काढले. "तात्पुरते," असं मला म्हणाले.

मग ठाण्यात एका हौशी मंडळानं भरवलेल्या प्रदर्शनात जलपरीला पहिलं बक्षीस मिळालं. पेपरात छापून आलं. आणि एक दिवस सफारी सूट घातलेला माणूस स्टुडिओत आला. बोलायला अतिशय गोड.

"आमच्या साहेबांना फोटो फार आवडला. एक मोठी प्रत हवी होती. कारखान्यात लावायला. आणि एक छोटी, फायलीसाठी."

"कुठला कारखाना?" मी आतून विचारलं.

"इथलाच," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. काकांनी पुढे काही विचारलं नाही. त्या दिवसांत फोटो आवडला म्हणणाऱ्याला ते काहीच विचारत नसत. दोन्ही प्रती दिल्या, मागे सही करून.

मे महिना चढला. डांबर मऊ झालं, चपला चिकटायच्या. संध्याकाळी तो वास इतका खाली उतरायचा की ट्रेमधल्या रसायनांचा कोणता आणि बाहेरचा कोणता, कळायचं नाही. अशा एका दुपारी यमुनामावशी पुन्हा आली.

"चिंगीचे पाय फुटलेत," ती म्हणाली. "ताप हाय. ठाण्याला दवाखान्यात ठेवलीय. आन् हापिसातनं बोलावणं आलंय उद्या. तू शिकलेली हाईस बाय, चल माझ्यासंगं."

मी गेले. टेबलावर फायलींचा ढीग, वर पंखा, पंख्याखाली दगड ठेवून दाबलेले कागद. अधिकारी वाईट माणूस नव्हता. आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग फाइल उघडली. सगळ्यात वर कारखान्याचं पत्र होतं आणि पत्राला टाचलेली जलपरी. मावशीचे अकरा फोटो त्याच्याखाली, पाकिटातून पुरते बाहेरही काढलेले नव्हते.

"याला बक्षीस मिळालंय ना? पेपरात बघितलेला मी," तो हसून म्हणाला. फोटो हातात घेऊन बघत राहिला, शोकेससमोरच्या लोकांसारखाच. "मावशी, ही तुमचीच नात?"

"हो सायेब."

"मग? पोरगी मजेत खेळतेय पाण्यात. मासापण जिवंत आहे. आणि पाय बघा तिचे. एक डाग नाही."

मावशी खुर्चीतून उठली. फोटोवर वाकून बघितलं. शोकेसमध्ये तिनं तो कधी नीट बघितलाच नव्हता, ती आपले दोन फोटो बघायची. होळीपासून रोज त्या पायांना ती खोबरेल चोळत होती.

"हे पाय चिंगीचे न्हाईत," ती म्हणाली.

"मग कुणाचे?" अधिकारी हसला.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती. मी कागदांवरच्या दगडाकडे बघत राहिले. अधिकाऱ्यानं फाइल बंद केली, म्हणाला, बघू, पाण्याचा नमुना घ्यायला माणूस पाठवतो. माणूस कधी पाठवणार ते सांगितलं नाही.

परतताना आम्ही एसटीनं आलो. बसमध्ये ती खिडकीशी, मी शेजारी. शीळफाट्याला बस बराच वेळ उभी राहिली. बाहेर नुसतं रखरखीत ऊन.

"बाय, ते तूच पुसलंस ना?"

"हो मावशी."

"कशाला?"

"चांगलं दिसावं म्हणून."

"कोनाला?"

बस सुटली. डोंबिवलीला उतरून ती कोळीवाड्याच्या वाटेला लागली. तिचा तो एका शब्दाचा प्रश्न मला अजून पडलेला असतो. माझी भाची परवा फोन घेऊन आली, हिरमुसलेली. ट्रेकला काढलेल्या सूर्यास्ताला कुणी विचारेना, आणि आरशासमोर सहज काढलेल्या फोटोवर लाइकचा पाऊस. "मावशी, तू तर यातली आहेस, असं का होतं गं?" मी तिला म्हटलं, मला माहीत नाही. माहीत आहे थोडंसं. लोक थांबतात ते त्यांना जिथे बरं वाटतं तिथे, आणि बरं वाटायला लावणारे हात कुठेतरी आत, भिंगामागे बसलेले असतात. पण हे वीस वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं?

ऑफिसातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. चिंगीच्या दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत बँडेज होतं. तापानं डोळे लाल. मी बिस्किटाचा पुडा आणलेला, तो तिनं उशाशी ठेवला आणि विचारलं, "माझा फोटो अजून लावलाय?" मी हो म्हटलं. ती हसली. तेच हसू. नर्सनं मला बाहेर नेऊन सांगितलं की जखमा चिघळल्यात, जंतू रक्तात गेले तर सांगता येत नाही.

स्टुडिओत आले तेव्हा काका शोकेसची काच पुसत होते.

"काका, ती निगेटिव्ह द्या. मी रीटचिंग पुसणार आहे."

"कुठली?"

"जलपरीची."

त्यांचा हात थांबला. "वेड लागलंय का तुला? बक्षीस मिळालंय त्या फोटोला."

"पोरगी मरायला टेकलीय, काका. आणि तिकडे तो साहेब म्हणतो, पायावर डाग नाही."

"डाग तू काढलेस. मी सांगितलं होतं?"

ते खरं होतं. त्यांनी सांगितलं नव्हतं. मी आत गेले, कपाटातून निगेटिव्ह काढली. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला आणि दीड तासाची माझी कारागिरी मिनिटभरात कापसावर करडी होऊन आली. डार्करूमचं दार लावलं. कागद ट्रेमध्ये सोडला. आधी केस, मग फ्रॉक, मग हसू, आणि मग तिच्या पायांवर एकेक करून काळे ठिपके वर येत गेले. लाल दिव्यात ते हलल्यासारखे वाटत होते. मी चिमटा हातात धरून तशीच रडत उभी राहिले.

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण तिसऱ्या दिवशी मी ठाण्याला निघाले तेव्हा त्यांनी फोटो मागून घेतला, उलटा केला, मागे स्टुडिओचा शिक्का मारला आणि सही केली.

अधिकाऱ्यानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. या वेळी तो हसला नाही.

"दोन्ही तुमच्याच स्टुडिओचे. दोन्हीवर सही. आता मला सांगा बाई, खरा कोणता?"

"हा. दुसरा."

"हे मी कशावरून मानू? उद्या तुम्ही तिसरा आणाल."

मी पेन्सिल मागितली. त्याच्याच टेबलावर, कोऱ्या कागदावर ठिपके काढून दाखवले की निगेटिव्हवर काय करतात. त्यानं ऐकून घेतलं आणि एक कागद पुढे सरकवला. "लिहून द्या." मी लिहिलं: मुलीच्या पायांवरचे फोड मी पेन्सिलीनं बुजवले. ते फोड आहेत हे मला माहीत होतं. दुसरं वाक्य त्यानं सांगितलं नव्हतं. खाली नाव, पत्ता, सही.

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं फार नाही. नमुना घ्यायला माणूस आला. कारखान्याला नोटीस गेली. नाल्याचं तोंड काही महिने कोरडं राहिलं, मग कुणीतरी त्यावर लाद्या टाकल्या आणि पाणी त्या लाद्यांखालून यायला लागलं. चिंगी वाचली. पावसाळा अर्धा सरल्यावर घरी आली. पायांवर मांडीची कातडी लावावी लागली होती. तिच्या घरचं जाळं मात्र पुन्हा पाण्यात गेलं नाही. यमुनामावशी नव्या इमारतींमध्ये धुण्याभांड्याला जायला लागली. रस्त्यात भेटली तर थांबायची, चौकशी करायची. माझ्यावर ती कधी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

काकांनी शोकेसमधली जलपरी काढून तिथे फोड दिसणारा दुसरा फोटो लावला. चिठ्ठी लावली नाही. लोक सवयीनं थांबायचे, पुढे वाकायचे, आणि पायांवर नजर गेली की सरळ होऊन निघून जायचे. एका बाईनं आपल्या मुलाच्या डोळ्यांवर हात धरलेला मी पाहिला. आठवडाभरानं तो सफारीवाला आला. तसाच गोड.

"काय सामंतसाहेब, बरं चाललंय ना सगळं? एवढी मोठी काच, जपायला पाहिजे."

चार दिवसांनी सकाळी स्टुडिओ उघडायला गेलो तर फुटपाथवर काचांचा सडा. नवरी, बाळ, साठीचं जोडपं, सगळे जागच्या जागी. फक्त तो एक फोटो नव्हता. काकांनी काचा भरल्या, मला हात लावू दिला नाही. नवी काच बसली तेव्हा मध्ये बाळ लावलं. पुढच्या वर्षी त्या कारखान्यानं छापून वाटलेल्या कॅलेंडरवर जलपरी आली. खाली छापलं होतं: निसर्गाच्या कुशीत.

नव्वदच्या दशकात रंगीत लॅब आल्या, रीटचिंग संपलं, मी शिवणकामाकडे वळले. स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. काका गेले. निगेटिव्हचं पाकीट त्यांनी मला देऊन ठेवलं होतं.

गेल्या वर्षी भाचीनंच दाखवलं. जुन्या डोंबिवलीच्या आठवणींचा कुठलासा ग्रुप. कुणीतरी कॅलेंडरचं ते पान घरात सापडलं म्हणून टाकलं होतं. हजारो लोकांना आवडलेलं. खाली ओळीच्या ओळी: किती स्वच्छ होती आपली खाडी. काय ते निरागस बालपण. कुठे गेले ते दिवस. मी शेवटपर्यंत वाचत गेले. मग पाकीट काढलं. भाचीनं निगेटिव्ह कशीबशी फोनवर उतरवून दिली. दुसरा फोटो मी त्याच ग्रुपमध्ये टाकला आणि झालं ते सगळं लिहिलं, खाली माझं नाव आणि नंबर. दिवसभरात चाळीसेक जणांनी बघितला. एकानं लिहिलं, चांगल्या आठवणीत कशाला विष कालवता? एकानं लिहिलं, हा एडिट केलेला दिसतोय.

तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सुनंदाताई ना? मी चिंगी."

ती कल्याणला राहते. दोन मुली आहेत. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. ते कॅलेंडर त्यांच्याही घरात आलं होतं म्हणाली. आजीनं फाडलं तेव्हा ती खूप रडली होती, कारण त्यात ती छान दिसायची.

"तो दुसरा फोटो काढून टाकू का गं?" मी विचारलं. "तुझ्या मुली बघतील."

"नको. पहिला काढता येईल का?"

"तो आता कुणाच्याच हातात नाही. किती लोकांनी कुठे कुठे पाठवलाय."

मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी तिला हाक मारली.

"मग राहू दे. लोकांना बघायचं ते बघतील," ती म्हणाली. "पण ताई, दुसऱ्याखाली माझं नाव लिहा ना. चिंगी नको. खरं नाव लिहा. ते कुठेच नाहीये. पेपरात पण नुसतं 'कोळ्याची मुलगी' म्हणून आलेलं."

मला तिचं खरं नाव माहीतच नव्हतं. मी विचारलं, तिनं सांगितलं. फोन ठेवल्यावर चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं: कविता. तेव्हा वय सहा. पाणी गुलाबी होतं.